अठ्ठेचाळीस, पण कुठली?

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, महाविद्यालय सुरू होण्याच्या अगदी तोंडावर, माझ्या गाडीचा चार्जर बंद पडला. रात्री नेहमीप्रमाणे गाडी सोप्यात घेतली, पिन बसवली, बटण दाबले. एरवी लगेच छोट्या पंख्याची घरघर सुरू होते आणि तांबडा दिवा लागतो. त्या रात्री दोन्ही झाले नाही. प्लग बदलून पाहिला, हलवून पाहिला, आपल्याकडे सर्व यंत्रांना द्यायची म्हणून जी एक चापट असते तीही देऊन झाली. पलीकडे खाटेवर पडलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘आजच्या दिवस राहू दे, उद्या बघ.’’ बाहेर पाऊस लागला होता.

‘गाडी’ या शब्दाने वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून तिची ओळख करून देते. २०१७ साली घेतलेली ही विजेवरची दुचाकी आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी आणि २५० वॅटच्या आतली मोटर असणारी. अशा गाडीला नंबर लागत नाही, परवाना लागत नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ती ‘मोटार वाहन’च नव्हे. माझे विद्यार्थी म्हणतात, ‘‘मॅडमची गाडी चालत नाही, सरकते.’’ कागलच्या अंगावरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो आणि त्यावरचे ट्रक ज्या वेगाने जातात तो पाहता मी ही गाडी तिकडे कधी नेली नाही. घरापासून गैबी चौक, तिथून महाविद्यालय आणि परत, एवढेच तिचे जग. जाऊन-येऊन आठेक किलोमीटर.

ही गाडी मी पर्यावरणाच्या प्रेमापोटी घेतली, असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. खरे कारण पेट्रोल. मी गेली कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. या ‘तत्त्वा’चा अर्थ या पानांवरच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, काहींना अनुभवानेही असेल: घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही बिल मंजूर होऊन येईल तेव्हा, सुट्टीचे मिळत नाहीत. त्यामुळे आमच्या वर्षात जून हा सर्वांत रोडका महिना असतो. उन्हाळा कोरडा गेलेला असतो आणि नवे तास अजून सुरू व्हायचे असतात. नेमका त्याच महिन्यात चार्जर गेला.

व्याकरण शिकवताना मी मुलांना नेहमी ‘परवडणे’ या क्रियापदाचे उदाहरण देते. ‘मला गाडी परवडते’ या वाक्यात कर्ता कोण? मुले हमखास ‘मी’ म्हणतात. कर्ता गाडी आहे. ‘मी’ तिथे चतुर्थीत, हात जोडून उभा आहे. वस्तू परवडते, आपण फक्त तिच्या परवडण्याच्या पलीकडच्या टोकाला असतो. हे उदाहरण मी वर्षानुवर्षे हसत हसत देत आले आहे.

आता थोडा पूर्वेतिहास. गाडी घेतली तेव्हा तिच्यात लेड अ‍ॅसिडच्या चार बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी १२ व्होल्टच्या, एकापुढे एक जोडलेल्या. चार बारे अठ्ठेचाळीस. म्हणून गाडी ४८ व्होल्टची. अशा बॅटऱ्या दोन-अडीच वर्षांत थकतात. पहिला संच गेला, दुसरा घेतला, तोही गेला. २०२२ मध्ये तिसऱ्यांदा तेच करण्यापेक्षा एकदाच काय ते करावे म्हणून पतसंस्थेतून पैसे उचलले आणि कोल्हापुरातल्या एका दुकानातून जुळणी केलेली लिथियमची बॅटरी बसवून घेतली. तीही ‘४८ व्होल्टची’. तिच्यासोबत तिचा चार्जर आला. जुन्या बॅटऱ्या आणि जुना चार्जर दुकानदाराने मोडीत धरला. गाडीचे वजन कमी झाले, चढाला ती कुरकुरेनाशी झाली आणि आठवड्यातून चार वेळा लावायची ती दोन वेळा लावावी लागू लागली. मी या विषयाकडे पाहणे सोडून दिले. यंत्र नीट चालू लागले की आपण त्याच्याबद्दल विचार करणे थांबवतो, आणि खरे तर यंत्राने नीट चालावे ते त्यासाठीच.

चार्जर गेल्यावर प्रथम त्या दुकानाला फोन केला. नंबर अस्तित्वात नव्हता. शनिवारी एस. टी.ने कोल्हापूरला गेले तर त्या गाळ्यात लहान मुलांचे कपडे टांगलेले. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मदत-क्रमांकावर एका मुलीने अतिशय गोड हिंदीत सांगितले की ते मॉडेल बंद झाले आहे, त्याला लिथियमची बॅटरी कंपनीने कधीच दिली नव्हती, त्यामुळे तिचा चार्जरही नाही. पण जुनी गाडी देऊन नवी घेण्याची योजना आहे. आणखी तीन दुकाने पालथी घातली. एकाने ‘‘आमच्याकडून घेतलेल्या गाडीचाच देतो’’ म्हटले, दुसऱ्याने बॅटरीसकट घ्यावा लागेल म्हटले, तिसऱ्याने ४,२०० रुपये सांगितले आणि तोही मागवावा लागेल, आगाऊ पैसे द्यावे लागतील. तिथून मी बसस्थानकापर्यंत चालत आले. रिक्षाचे पैसे वाचवावे असे त्या दिवशी फार तीव्रतेने वाटले.

चार्जर हा गाडीचा भाग आहे की वेगळी वस्तू, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. २०२३ साली तो दिल्लीपर्यंत गेला होता. केंद्र सरकारच्या ‘फेम-२’ योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतच्या कारखाना-किमतीच्या दुचाकींनाच अनुदान मिळत होते. ओला, एथर, टीव्हीएस आणि हिरो या कंपन्यांनी चार्जरची किंमत गाडीच्या किमतीबाहेर, स्वतंत्र लावली होती. त्यावर आक्षेप आला आणि अखेर त्या वर्षी ग्राहकांना चार्जरचे पैसे परत करण्याचे या कंपन्यांनी मान्य केले. म्हणजे विकताना चार्जर गाडीचा नव्हता, अनुदानाचा हिशेब झाला तेव्हा तो गाडीचा ठरला. मोबाइलच्या बाबतीत युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून सर्वांना एकाच आकाराची जोडणी सक्तीची केली. आपल्याकडेही हलक्या विद्युत वाहनांच्या जोडणीचे एक मानक भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मंजूर केले आहे. पण मानके पुढच्या गाड्यांसाठी असतात. जी गाडी आधीच रस्त्यावर येऊन म्हातारी झाली, तिच्याकडे मागे वळून कोणी पाहत नाही. असो.

शेवटी भाच्याने मोबाइलवर शोधून दिला. १,३५० रुपये, घरपोच. फोटोत आमच्यासारखीच तीन पायांची पिन होती, पाठीमागे संगणकाला जी वायर लागते तशी. नावात ‘४८ व्होल्ट’ स्पष्ट लिहिलेले. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी बरेच काही होते. मी भाच्याला विचारले, ‘‘हाच ना रे?’’ तो म्हणाला, ‘‘अठ्ठेचाळीस हाय न्हवं? चालतंय की मावशी.’’

‘चालतंय की’ हे आमच्या भागाचे ब्रीदवाक्य आहे आणि ते केवळ बेफिकिरीतून आलेले नाही. माझे वडील शेतकरी. आमच्या विहिरीवर कोल्हापुरी बनावटीचे तेलाचे इंजिन होते. त्याचा एखादा भाग झिजला की वडील तो जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कोल्हापूरला उद्यमनगरात घेऊन जात. लेथवरचा कारागीर तो बोटांत फिरवून बघे, कॅलिपर लावी आणि संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा हातात ठेवी. कंपनीचा की बिनकंपनीचा हा प्रश्नच तिथे नसे. घरी येऊन तो भाग बसवताना वडील म्हणत, ‘‘बसला न्हवं? मग झालं.’’ बसणे हीच कसोटी होती आणि ती खरी कसोटी होती. लोखंडाचा भाग बसत नसेल तर तो बसतच नाही. खोटे बसण्याची त्याला सोय नाही. त्या कसोटीवर एका अख्ख्या जिल्ह्याची शेती चालली.

पार्सल आले. मी पिन बसवून पाहिली. बसली. तांबडा दिवा लागला, पंखा घरघरला. पहाटे उठून पाहिले तर हिरवा. मला जो आनंद झाला तो पूर्णपणे वडिलांचा होता.

असे तीन आठवडे गेले. आठवड्यातून दोन रात्री गाडी सोप्यात, सासूबाईंच्या खाटेपासून सहा-सात फुटांवर, या चार्जरला लावलेली असे. रात्री तांबडा, पहाटे हिरवा. तक्रारीला काही जागा नव्हती. एवढेच की पिनेच्या एका पायापाशी प्लास्टिक जरा तपकिरी दिसू लागले होते. कापड इस्त्रीखाली किंचित अधिक वेळ राहिले की होते तसे. ती पिन बदलून घ्यावी म्हणून मी नवा चार्जर आणि ‘दुरुस्त होत असला तर बघा’ म्हणून बंद पडलेला जुना चार्जर, असे दोन्ही पिशवीत घालून चाचांकडे गेले.

चाचांचे दुकान म्हणजे दोन पत्रे आणि एक बाकडे. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, मग व्होल्टेज स्टॅबिलायझर, मग इन्व्हर्टर. ते स्वतः म्हणतात की लोकांचे सामान बदलत गेले, माझा डाग द्यायचा हात तोच आहे. त्यांनी तपकिरी झालेली पिन पाहिली, मान हलवली आणि न सांगता मीटरच्या दोन सुया नव्या चार्जरच्या टोकांना लावल्या. मीटरवर ५८.८ हा आकडा आला.

‘‘बॅटरी कसली हाय मॅडम?’’

‘‘अठ्ठेचाळीसची,’’ मी म्हणाले.

‘‘अठ्ठेचाळीस, पण कुठली?’’

मला प्रश्नच कळला नाही. अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस. एका संख्येला ‘कुठली’ हे विशेषण कसे लागू शकते? मी म्हणाले, ‘‘लिथियम आहे.’’ चाचांनी मीटर खाली ठेवला. ‘‘आणि ह्यो किती दिस लावताय?’’

मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे समजावून सांगितले ते मी नंतर घरी येऊन वहीत आकडेमोड करून पुन्हा पुन्हा ताडून पाहिले, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते.

‘४८ व्होल्ट’ हे बॅटरीचे नाव आहे, तिचे माप नव्हे. लेड अ‍ॅसिडच्या चार बॅटऱ्या म्हणजे नावाने ४८. पण त्या भरायच्या तर प्रत्येकीला १४.७ व्होल्टच्या आसपास न्यावे लागते, म्हणून त्यांचा चार्जर ५८.८ व्होल्ट देतो. लिथियमचा एक प्रकार असा की त्याचा एकेक सेल सरासरी ३.७ व्होल्टचा असतो. असे १३ गट एकापुढे एक जोडले की ४८.१ होतात, नाव ४८. पण हा सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नसतो. १३ गुणिले ४.२, म्हणजे ५४.६. त्याच्या चार्जरने तिथे थांबलेच पाहिजे. लिथियमचाच दुसरा एक, लोह-फॉस्फेटचा प्रकार. त्याचा सेल ३.२ व्होल्टचा. ते १६ जोडले की ५१.२ होतात, तरी बाजारात त्यालाही सर्रास ४८ म्हणतात आणि तो ५८.४ ला भरतो. तीन वेगवेगळ्या गोष्टी, तीन वेगवेगळ्या मर्यादा आणि नाव एकच. पिनही एकच.

माझी बॅटरी दुसऱ्या प्रकारची असेल तर ५८.८ चा चार्जर तिच्या प्रत्येक सेलला ४.५२ व्होल्टपर्यंत ढकलायला बघणार. ‘‘मग काही झालं कसं नाही?’’ मी विचारले. दिवा तर रोज हिरवा होत होता.

उत्तर ऐकून माझ्या हातापायांतले बळ गेले. लिथियम बॅटरीच्या आत एक छोटी पट्टी असते, तिला बीएमएस म्हणतात. ती प्रत्येक गटावर नजर ठेवते आणि कोणताही गट मर्यादेच्या थोडा वर गेला की वाट तोडते. वाट तुटली की प्रवाह थांबतो. प्रवाह थांबला की चार्जरला वाटते, बॅटरी भरली. तो हिरवा दिवा लावतो. म्हणजे मी रोज पहाटे जो हिरवा दिवा पाहून समाधानाने चहा टाकत होते, तो ‘काम झाले’ असे सांगत नव्हता. कुणीतरी शेवटच्या क्षणी दार लावून घेतले एवढाच त्याचा अर्थ होता. आणि ती पट्टी हा अपघात टाळण्याचा शेवटचा उपाय आहे. रोज गाडी थांबवायला ब्रेकऐवजी भिंत वापरावी तसा मी तिचा वापर करत होते. ‘‘तीन आठवडे तुमी त्या पट्टीच्या जिवावर झोपलाय,’’ चाचा म्हणाले. ‘‘पट्टी चांगली निघाली. सगळ्यांची निघत न्हाई.’’

२०२२ च्या सप्टेंबरात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा काही दिवसांनी रुग्णालयात मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूत वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेली गाडी पेटून वडील आणि मुलगी धुराने गुदमरून गेली होती. या दोन्ही बातम्या मी तेव्हा वाचल्या होत्या. वाचून ‘काय भयंकर’ म्हणून पान उलटले होते. त्या घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, सेल, पट्टी, चार्जर सर्वांसाठी नव्या चाचण्या आल्या. ते नियम २०२२ च्या डिसेंबरपासून आणि पुढे २०२३ च्या मार्चअखेरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. पण माझी गाडी कायद्याच्या लेखी वाहनच नाही आणि तिची बॅटरी कोणा गाळ्यात जुळवलेली. त्या दुपारी चाचांच्या बाकड्यावर बसल्यावर मला त्या बातम्या आठवल्या आणि सोप्यातली खाट आठवली.

इथे एक कबुली द्यायला हवी. घरी येऊन मी त्या नव्या चार्जरचे विक्रीचे पान पुन्हा उघडले. ‘४८ व्होल्ट’च्या खाली बारीक अक्षरांत ‘लेड अ‍ॅसिडसाठी’ असे स्वच्छ लिहिलेले होते. विकणाऱ्याने काहीच लपवले नव्हते. वर्गात श्लेष शिकवताना मी फळ्यावर एक शब्द लिहिते आणि मुलांना विचारते, हा शब्द वाक्याबाहेर काढला तर त्याचा अर्थ सांगता येईल का? संदर्भाशिवाय अर्थ नाही, हे वाक्य मी आजवर किती वेळा उच्चारले असेल कुणास ठाऊक. १,३५० हा आकडा मात्र मी संदर्भाशिवाय वाचला. आणि ४८ ही.

आता मूळ प्रश्न उरला: माझी बॅटरी या तिघांतली कुठली? बॅटरीवरचा कागद पावसापाण्याने कधीच निघून गेला होता. बंद पडलेल्या चार्जरच्या पाठीवर एक चिकटपट्टी होती, पण तिच्यावरची अक्षरे घासून पांढरी पडली होती. चाचांनी ती स्पिरिटने पुसली आणि विजेरी समोरून न धरता अगदी कडेने, पृष्ठभागाला टेकवून धरली. मला हसू आले. एम. ए.ला असताना आमचे एक सर आम्हांला एका देवळात शिलालेख दाखवायला घेऊन गेले होते आणि दुपारी नको, सकाळी कोवळे ऊन तिरपे पडते तेव्हा चला, म्हणाले होते. कारण झिजलेले अक्षर समोरच्या उजेडात दिसत नाही, तिरप्या उजेडात त्याच्या कडा सावली टाकतात. चार्जरच्या पाठीवर आधी एक पाच दिसला. मग चार. मग बिंदू असावा असे काहीतरी. शेवटचा आकडा सहा की आठ, यावर आमच्यात मतभेद झाला.

‘‘सहाच असणार,’’ चाचा म्हणाले, ‘‘पण असणार म्हणून चालायचं न्हाई.’’ त्यांनी मला गाडी घेऊन यायला सांगितले. पायाखालची फळी काढून बॅटरीच्या पेटीचे झाकण उघडले. आत त्या पट्टीकडे जाणाऱ्या बारीक तारांची एक वेणी होती. त्या तारा त्यांनी पेचकसाच्या टोकाने एकेक वेगळी करून मोजल्या आणि मला पुन्हा मोजायला लावल्या. चौदा. म्हणजे तेरा गट. तारा गटांपेक्षा एकने जास्त असतात. तेरा गुणिले ४.२. चिकटपट्टीवरचा पाठ आणि पेटीतला पाठ जुळला. संहितेचा पाठ निश्चित करताना एका पोथीवर विसंबू नये, दुसरी शोधावी, हे ज्यांनी मला शिकवले त्या सरांना मी मनातल्या मनात त्या पत्र्याखाली बोलावून घेतले.

जुना चार्जर उघडला तेव्हा आतला एक कपॅसिटर डोक्यावर फुगलेला होता आणि फ्यूज उडालेला होता. बाकी सर्व शाबूत. फ्यूज का उडाला हे कळेपर्यंत नवा टाकायचा नाही, असे म्हणून चाचांनी तासभर मीटर घेऊन तपासणी केली. कपॅसिटर बदलला, एका जळक्या भागाच्या जागी दुसरा बसवून डाग दिला, पंख्याचा भुगा साफ केला, पिन नवी घातली. जोडण्यापूर्वी मोकळ्या टोकांवर मीटर धरला: ५४.६. मग पिनेतली धन कुठली आणि ऋण कुठली हे गाडीकडून तपासले. ही तीन पायांची पिन सगळीकडे सारखी दिसत असली तरी कुठल्या पायावर काय हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलेले असते, हेही मला त्याच दिवशी कळले. शिवाय संगणकाची वायरही त्या भोकात बसते आणि तिच्यात थेट भिंतीतले २३० व्होल्ट असतात. कुणा पोराने ती लावली होती, ती गाडी चाचांनी पाहिली आहे. इतके सगळे ‘बसते’ अशा जागी बसण्याला काय अर्थ उरतो? वडिलांची कसोटी लोखंडापुरती खरी होती.

चाचांनी ३५० रुपये मागितले. मी पाचशेची नोट दिली, त्यांनी दीडशे परत केले. मग काळ्या मार्करने चार्जरच्या पोटावर ठळक देवनागरीत लिहिले: ‘५४.६. लिथियम. दुसरा लावू नये.’ बॅटरीच्या पेटीवर आतून तेच. त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

आनंद यादव कागलचे. त्यांची १९७१ ची ‘गोतावळा’ कादंबरी मी बऱ्याचदा शिकवली आहे. मळ्यात यंत्र येते, जनावरे जातात आणि त्या जनावरांत राहणाऱ्या नारबाचा गोतावळा उखडतो. वर्गात आपण ती यंत्र विरुद्ध माणूस अशी मांडतो, परीक्षेतही प्रश्न तसाच येतो. यंदा ती शिकवताना मी मध्येच अडखळले. माझ्या वडिलांच्या पिढीत त्या यंत्रानेही स्वतःचा एक गोतावळा जमवला होता: लेथवाला, ओतारी, वाईंडिंगवाला, तेलाचा दुकानदार, इंजिन बिघडले की रात्री सायकलवरून येणारा मिस्त्री. माझ्या गाडीचा गोतावळा कुठे आहे? बनवणाऱ्याने हात झटकले, जुळवणाऱ्याने गाळा सोडला, विकणाऱ्याने बारीक अक्षरांत लिहून आपली सुटका करून घेतली. उरले एक चाचा. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि त्यांचा मुलगा पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला जातो. हे मी वर्गात बोलले नाही, कारण अभ्यासक्रमात तेवढी जागा नव्हती आणि तास पन्नास मिनिटांचा असतो.

आता सोप्यात गाडी लावणे आम्ही बंद केले आहे. परड्यात पत्र्याखाली एक बोर्ड काढून घेतला, त्याला वायरमनने सहाशे रुपये घेतले. रात्री लावत नाही, संध्याकाळी जागेपणी लावते आणि दिवा हिरवा झाला की लगेच काढते. सासूबाईंना मी पूर्ण हकीकत सांगितलेली नाही. गाडी मागे का नेली असे त्यांनी विचारले तेव्हा ‘पंख्याचा आवाज होतो’ म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘‘मला तर त्या आवाजानं झोप लागायची.’’

राहिला तो १,३५० चा नवा चार्जर. त्याला आत एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून आकडा खाली आणता येईल का, असे मी चाचांना विचारले होते. ते म्हणाले, येईल, पण आणणार नाही. तो ज्याच्यासाठी केलाय त्याला द्या, चांगला माल आहे. तो पिशवीत घालून मी ठेवून दिला. श्रावणात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आणि औद्योगिक वसाहतीत जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या एका बाईंनी विचारले, ‘‘मॅडम, तुमच्याकडं जादा चार्जर हाय म्हणं? माझा कालपास्नं लागंना.’’ त्यांची गाडीही जुनी, बिननंबराची, दोन्ही बाजूंना डब्यांच्या पिशव्या अडकवायला आकडे लावलेली.

‘‘बॅटरी कुठली आहे?’’ मी विचारले.

‘‘आपली साधीच, पाण्याची असते तसली. अठ्ठेचाळीस म्हणालता दुकानदार.’’

लेड अ‍ॅसिड, म्हणजे हिशेब सोपा होता. तरी मी म्हटले, एकदा सीट उचलू या. त्यांना डबे पोहोचवायची घाई होती, पण उचलली. आत बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यामागे, जिथे जागा उरली होती तिथे आडवी, पाचवी होती. पाच बारे साठ. दुकानदाराने कधीतरी जोर वाढवायला घातली असेल, किंवा गाडी पहिल्यापासूनच साठची असेल. बाईंना काही आठवत नव्हते. मी त्यांना चाचांचे दुकान कुठे आहे ते सांगितले आणि पिशवी घेऊन घरी आले.